ओवीचा क्रम आणि कथागीताचा शोध : बीड जिल्ह्यातील लोकगीत-संकलनाच्या निमित्ताने

१

मराठी लोकसाहित्याच्या अध्यापनात 'कथागीत' ही संज्ञा आली, की उदाहरणादाखल पोवाड्याचे नाव घेतले जाते आणि बहुतेक वेळा विषय तेथेच संपतो. अफजलखानाच्या वधावरील अज्ञानदासाचा पोवाडा, तुळशीदासाचा सिंहगडाचा पोवाडा, पेशवाईतील शाहिरांच्या रचना, जोतीराव फुल्यांनी १८६९ साली प्रसिद्ध केलेला शिवाजीराजांचा पोवाडा आणि विसाव्या शतकातील अण्णा भाऊ साठे व अमर शेख यांची शाहिरी, असा एक सरळ आलेख फळ्यावर मांडता येतो. विद्यार्थ्यांना तो सोयीचा वाटतो व परीक्षकांनाही. या आलेखात चुकीचे काही नाही. प्रश्न इतकाच आहे, की गाण्यातून कथा सांगण्याची मराठी परंपरा एवढ्यात सामावते काय?

माझ्या मते ती सामावत नाही, आणि ती सामावते असे गृहीत धरल्यामुळे आपल्या संकलनाच्या पद्धतीत एक मूलगामी दोष शिरला आहे. कथा सांगणारी पुष्कळशी गाणी आपण कथा म्हणून ऐकतच नाही. ती गोळा करतानाच आपण त्यांतील कथा मोडून टाकतो. प्रस्तुत टिपणात या दोषाकडे लक्ष वेधावयाचे आहे. उदाहरणे प्रामुख्याने बीड जिल्ह्याशी व त्याच्या परिसराशी संबंधित घेतली आहेत. तथापि मुद्दा एका जिल्ह्यापुरता मर्यादित नाही.

कथागीत आणि पोवाडा यांचे समीकरण कसे जुळले याला एक इतिहास आहे. हॅरी अर्बथनॉट ॲक्वर्थ व शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी १८९१ साली ऐतिहासिक पोवाड्यांचा संग्रह प्रसिद्ध केला आणि १८९४ साली ॲक्वर्थ यांनी त्यांतील निवडक पोवाडे इंग्रजीत आणले. त्या ग्रंथाला त्यांनी 'बॅलड्स ऑफ द मराठाज' असे नाव दिले. पोवाडा म्हणजे 'बॅलड' हे समीकरण तेव्हापासून रूढ झाले. पुढे य. न. केळकरांसारख्या व्यासंगी संपादकाने ऐतिहासिक पोवाड्यांचे जे संशोधन केले, ते मराठी अभ्यासाला ललामभूत आहे. परंतु तेथेही पोवाड्याचे मोल मुख्यतः इतिहासाचे साधन म्हणून होते. परिणामी 'बॅलड'ला 'कथागीत' हा मराठी पर्याय रुळला तेव्हा त्याची लक्षणे पोवाड्यावरूनच बेतली गेली: सभेत उभा राहून गाणारा पुरुष शाहीर, डफ-तुणतुण्याची साथ, मागे झीलकरी, विषय इतिहासप्रसिद्ध पुरुषाचा वा लढाईचा आणि शेवटी कवीची नाममुद्रा. ज्या गाण्यात ही लक्षणे दिसली नाहीत, त्याची रवानगी 'स्त्रीगीत', 'विधिगीत' किंवा 'भक्तिगीत' या कप्प्यांत झाली.

२

या दृष्टीने बीड जिल्ह्याकडे पाहणाऱ्या अभ्यासकाला काय दिसेल? जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून गोदावरी वाहते. तिच्या काठी गेवराई तालुक्यातील राक्षसभुवन येथे १० ऑगस्ट १७६३ रोजी माधवराव पेशव्यांनी निजामाच्या फौजेचा पराभव केला. त्या लढाईत निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर मारला गेला. दक्षिणेकडे बालाघाटाच्या रांगा आहेत. जिल्ह्याच्या सीमेला लागूनच, आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील जामखेड तालुक्यात, १७९५ च्या लढाईमुळे प्रसिद्ध झालेले खर्डा आहे. पोवाड्याचा अभ्यासक या दोन नावांपाशी थांबेल आणि ते स्वाभाविकही आहे.

पण हा प्रदेश १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. पेशव्यांच्या विजयाची कवने गाणाऱ्या शाहिरीला आश्रय मिळाला तो मुख्यतः पुण्याच्या बाजूला. येथील गावांत रात्ररात्र कथा गाइली गेली ती गोंधळ्याच्या संबळावर, वाघ्या-मुरळीच्या जागरणात, अंबाजोगाईच्या योगेश्वरीच्या व तुळजापूरच्या भवानीच्या आराध्यांच्या मेळ्यात आणि पहाटेच्या जात्यावर. कथा सांगण्याची ही चार केंद्रे आहेत. त्यांपैकी एकाही ठिकाणी सभा नाही, दरबार नाही आणि बहुधा कवीची नाममुद्राही नाही.

गोंधळाचे उदाहरण घेऊ. पूर्वरंगात गण आणि देवदेवतांना आवाहन, उत्तररंगात आख्यान. मुख्य नाईक कथा गातो आणि बोलतोही. साथीदार मध्येच प्रश्न विचारतो, शंका काढतो, विनोद करतो, कधी अडाण्याचे सोंग घेऊन श्रोत्यांच्या मनातले बोलून जातो. कथा पुढे सरकते ती या ओढाताणीतून. विठ्ठल उमप यांनी रंगमंचावर नेऊन सर्वदूर पोहोचविलेले 'जांभूळ आख्यान' हे याच परंपरेतले. कर्णाविषयी मनात उठलेला विचार द्रौपदीला सर्वांदेखत बोलून दाखवावा लागतो, असा त्यातील गाभा आहे. व्यासांच्या महाभारतात नसलेला हा प्रसंग लोकगायकाने द्रौपदीच्या पदरी घातला, आणि तिला दोषी न ठरविता तिच्या सत्यकथनानेच कथेचा पेच सोडविला. ही कथनाची प्रगल्भता आहे. आता आपल्या विद्यार्थ्याने केलेले आख्यानाचे संकलन उघडून पाहावे. त्यात पदे उतरवून घेतलेली असतात. पदांमधले गद्य आणि साथीदाराचे प्रश्न 'गीत नाही' म्हणून गाळलेले असतात. जे उरते त्यात कथेचे सांधे नसतात. मग प्रस्तावनेत आपणच लिहितो, की लोकगायकाच्या रचनेत विस्कळितपणा आढळतो!

प्रकाराचा हा प्रश्न कप्पे पाडण्याच्या हौसेतून आलेला नाही. कथा कोणत्या प्रकारात सांगितली जाते यावर तिचा अर्थ अवलंबून असतो. श्रावणातील शिळासप्तमीची कहाणी आपणा सर्वांना ठाऊक आहे. राजा तळे बांधतो, पाणी लागत नाही, जलदेवता सुनेच्या वडील मुलाचा बळी मागते. सून माहेरी गेलेली असताना सासरा तिचे मूल तळ्याला देतो. सून परतते, व्रत करते आणि तळ्यातून मूल तिचा पदर ओढीत वर येते. शेजारच्या कन्नड मुलुखात हीच कल्पना 'केरेगे हार' या कथागीतात येते. तेथे धाकटी सून भागीरथी स्वतः बळी जाते, कोणीही परत येत नाही आणि तिचा पती त्याच तळ्यात उडी घेतो. बाल्कन प्रदेशातील भिंतीत चिणलेल्या स्त्रीची कथागीतेही याच कुळातली. त्यांच्यावर जगभर विपुल लेखन झाले आहे. व्रताच्या कहाणीत फळ मिळावेच लागते, कारण ते व्रताचे आश्वासन आहे. कथागीतावर असे कोणतेही बंधन नाही. ते दुःखाला दुःख म्हणून सोडून देऊ शकते. पाण्यासाठी पिढ्यान्पिढ्या झुरणाऱ्या प्रदेशात तळ्याची ही कथा स्त्रिया कोणत्या प्रकारात सांगतात, कोणाच्या तोंडी कोणते शब्द घालतात आणि शेवट कोठे करतात, हे पाहणे म्हणूनच महत्त्वाचे ठरते. 'श्रद्धाविषयक गीते' या मथळ्याखाली सुट्या ओळी टाकल्या, की हे पाहण्याची वाटच बंद होते.

३

सर्वाधिक हानी झाली आहे ती ओवीची. चालुक्य राजा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लास' (११२९) या ग्रंथात महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात असा उल्लेख आहे. म्हणजे ग्रंथात येण्यापूर्वी ओवी उखळा-जात्यापाशी नांदत होती. अंबाजोगाईच्या दासोपंतांनी सोळाव्या शतकात ओवीचा प्रचंड विस्तार केला, आणि लांबलचक कापडावर लिहिलेली त्यांची 'पासोडी' आजही जपलेली आहे. त्याच नगरात, त्याच शतकात, जात्यावर जे गाइले गेले त्याचा धागाही उरलेला नाही. लिहिलेले टिकते आणि गाइलेले विरते, हा नियम आपण बदलू शकत नाही. परंतु जे आज गाइले जाते व नोंदले जाते, ते तरी मोडके नोंदू नये एवढे आपल्या हाती आहे.

जात्यावरची ओवी दोन ओळींत पुरी होते. त्यामुळे ती स्फुट आहे, भावगीताची पूर्वज आहे, असा आपला समज झाला. साने गुरुजींच्या 'स्त्रीजीवन'पासून सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्य समितीतर्फे काढलेल्या संग्रहांपर्यंत ओव्यांची मांडणी बहुशः विषयवार झाली: माहेर, सासर, भाऊ, लेक, पंढरी. या संग्रहांचे ऋण मोठे आहे. ते झाले नसते तर आज बोलावयास काही उरलेच नसते. पण विषयवार मांडणी ही संपादकाची सोय आहे. गाणारीचा क्रम तो नव्हे. गाणारीला क्रमाची जाण असते याचा पुरावा ओवीतच आहे. पहिली ओवी अमुकाला, दुसरी तमुकाला अशी मोजणी करीत पुढे जाण्याची रीत सर्वत्र आढळते. जी रचना स्वतःच स्वतःला क्रमांक देते, तिला क्रमहीन कसे म्हणावे?

सीतेच्या ओव्यांनी हा मुद्दा स्पष्ट होईल. मराठी स्त्रियांच्या गाण्यात सीतेच्या वनवासाचे कारण म्हणून पुष्कळदा परिटाच्या बोलण्याऐवजी कैकेयी येते. ती सीतेला रावणाचे चित्र काढावयास लावते. सीतेने रावणाचा केवळ पायाचा अंगठा पाहिलेला, म्हणून ती तेवढाच रेखाटते. कैकेयी उरलेले चित्र पुरे करते आणि ते रामाच्या दृष्टीस पडते. पुढे लक्ष्मणाबरोबरचा प्रवास, अरण्य, बोरी-बाभळींनी बायका होऊन सीतेची समजूत घालणे आणि अंकुशाचा जन्म. ही कार्यकारणाची साखळी आहे. लोकापवादामुळे झालेला त्याग येथे घरातल्या कपटामुळे झालेला त्याग बनतो. राजधर्माचा प्रश्न सासू-सुनेच्या प्रश्नात उतरतो, आणि रामाची बाजू मांडणारी सबबच नाहीशी होते. रामकथेवरील इतके धीट भाष्य आपल्या ग्रंथपरंपरेत फार थोडे सापडेल. डॉ. तारा भवाळकर यांनी सीतेच्या या लोकरूपाचा मर्मग्राही शोध घेतला आहे.

आता हीच ओवीमाला विषयवार लावली तर काय होते? कैकेयीची ओवी 'सासू-सून' या भागात जाते, चित्राची 'कला' या भागात, बोरी-बाभळीची 'निसर्ग' या भागात आणि बाळंतपणाची 'लेकुरवाळी' या भागात. प्रत्येक भागात ती शोभूनही दिसते. फक्त कथा कोठेच उरत नाही. त्या कथेतून गाणारीने केलेला युक्तिवादही तिच्याबरोबर नाहीसा होतो. बाईला दुःख होते हे आपण जपले. तिने त्या दुःखाचे कारण शोधले होते हे मात्र हरवले.

४

या संदर्भात बीड जिल्ह्यातील एका संकलनाचा उल्लेख आवश्यक आहे. हेमा राईरकर व गी पॉइतवाँ यांनी उभ्या केलेल्या जात्यावरच्या ओव्यांच्या प्रकल्पात महाराष्ट्रातील सुमारे हजार गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. या प्रकल्पाच्या कार्यकर्त्यांनी १९९६ साली माजलगावच्या भीमनगरात तेथील स्त्रियांच्या ओव्या ध्वनिमुद्रित केल्या. त्यांतील पुष्कळशा ओव्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर व रमाबाई यांच्याविषयी आहेत. हा सगळा संग्रह आता 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहस्थळावर ऐकावयास व वाचावयास मिळतो.

या प्रकल्पानेही ओव्यांचे विषयवार वर्गीकरण केले. परंतु प्रत्येक ओवीबरोबर गाणारी कोण, गाव कोणते, नोंद कोणत्या दिवसाची, हेही नोंदले आणि ध्वनिमुद्रण जपून ठेवले. म्हणून मूळ बैठकीकडे परत जाण्याची वाट तेथे खुली आहे. ती वाट धरली की लक्षात येते, की एकीने सुरू केलेली ओवी दुसरी उचलते, तिसरी त्यात भर घालते, आणि अशा रीतीने एका माणसाचे चरित्र काही बाया मिळून उभे करतात. ही ऐतिहासिक व्यक्तीविषयीची रचना आहे. तिच्यात गौरव आहे, शोक आहे आणि समाजाच्या स्थित्यंतराची साक्षही आहे. आपण पोवाड्याकडून जे जे मागतो ते सर्व येथे आहे. फरक इतकाच, की गाणाऱ्या स्त्रिया आहेत, त्या दलित आहेत, आणि त्या उभ्या राहून नव्हे तर जात्यापाशी बसून गातात. एवढ्या फरकाने ही रचना कथागीताच्या व्याख्येबाहेर पडत असेल, तर दुरुस्ती व्याख्येत व्हावयास हवी.

५

या प्रतिपादनावर दोन आक्षेप घेता येतील. पहिला असा, की ओवी मुळातच फिरती आहे. तीच ओवी एका गावात सीतेच्या मालिकेत येते, दुसऱ्या गावात लेकीच्या पाठवणीत. मग एखाद्या बैठकीतील क्रम हा केवळ योगायोग मानावयास काय हरकत आहे? मिल्मन पॅरी व आल्बर्ट लॉर्ड यांनी युगोस्लाव्हियातील गायकांचा अभ्यास करून याचे उत्तर पूर्वीच देऊन ठेवले आहे. ठरीव शब्दबंध व ठरीव प्रसंग हे फिरतेच असतात. त्यांची त्या क्षणी केलेली जुळणी हीच मौखिक कवीची रचना होय. विटा सगळीकडे सारख्या असतात म्हणून घर बांधणाऱ्याचे श्रेय कोणी नाकारत नाही. दुसरा आक्षेप सोयीचा आहे: विषयवार मांडणीवाचून तुलना कशी करावी? त्यासाठी ग्रंथाच्या शेवटी विषयसूची द्यावी. सूची शेवटी आणि क्रम मूळचा, एवढा साधा बदल पुरेसा आहे.

त्याहून अवघड अडचण आपल्या शैक्षणिक वेळापत्रकाची आहे. नव्या धोरणानुसार २०२३-२४ पासून पदव्युत्तर वर्गांत संशोधन प्रकल्पाला निश्चित स्थान मिळाले. ही स्वागतार्ह गोष्ट आहे. पण प्रकल्पाचे क्षेत्रकार्य बहुधा दिवाळीनंतर सुरू होते आणि माघ-फाल्गुनात आटोपते. बीड जिल्ह्यात नेमक्या याच काळात गावे ओस पडलेली असतात. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेतलेली कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात ऊसतोडीला जातात. नवरा-बायकोचा मिळून एक 'कोयता' धरला जातो, म्हणजे बाईही फडावर असते. गाव पुन्हा भरते ते फाल्गुन-चैत्रात. आपला विद्यार्थी टिपणवही घेऊन पोहोचतो तेव्हा गावात म्हातारी माणसे आणि शाळकरी मुले तेवढी उरलेली असतात. मग तो आहे त्या एका आजीकडून आठवतील तेवढ्या ओव्या उतरवून घेतो, आणि प्रबंधात लिहितो, की ही परंपरा आता लोप पावत आहे. परंपरा लोप पावते आहे की फडावर गेली आहे, हे त्याला कसे कळावे?

पिठाची गिरणी गावोगाव आल्यापासून रोजचे दळण थांबले, हे खरे. तरीही लग्नात हळद दळताना जाते बाहेर काढले जाते, आणि नागपंचमीला झोक्यापाशी व फेरात बाया एकत्र जमतात. हळदीचा मोसम चैत्र-वैशाखाचा; पंचमी श्रावणातली. जागरण-गोंधळही लग्नसराईतच होतात. म्हणजे या जिल्ह्यातील गाण्याचे दिवस ठरलेले आहेत. क्षेत्रकार्य त्या दिवसांत नेणे हे विभागांच्या अधिकारातले काम आहे, आणि त्यासाठी वेगळा निधी लागत नाही. आमच्या वर्गांत बसणाऱ्या कित्येक विद्यार्थ्यांच्या घरचीच माणसे कोयता घेऊन जातात. गाणाऱ्या स्त्रिया त्यांच्या आज्या, चुलत्या, आत्या आहेत. बाहेरच्या संशोधकाला जो विश्वास मिळविण्यास वर्ष लागेल, तो त्यांना जन्मतःच लाभलेला आहे.

अशा संकलनाची पथ्ये फार नाहीत. बैठक सुरुवातीपासून शेवटपर्यंत अखंड मुद्रित करावी. मधले बोलणे, हसणे, विसरणे, एकीने दुसरीला आठवण करून देणे, यांतले काही गाळू नये. कोणाची ओवी कोणी उचलली ते लिहावे. आख्यानातील गद्य पदांइतक्याच काळजीने उतरवावे. गाणारीचे नाव तिच्या संमतीने द्यावे आणि मुद्रणाची एक प्रत तिच्या घरी पोहोचवावी. शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची: मूळ ध्वनिमुद्रण विभागात जमा झाल्यावाचून प्रकल्पाला गुण देऊ नयेत. आज हे मुद्रण विद्यार्थ्याच्या भ्रमणध्वनीत असते. तो संच बिघडला वा विकला गेला, की आपल्यापाशी क्रम मोडलेला लिखित पाठ तेवढा उरतो.

२०२४ साली मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्या निमित्ताने आपण प्राचीन ग्रंथांचा, शिलालेखांचा व ताम्रपटांचा दाखला अभिमानाने दिला. 'मानसोल्लासा'तला कांडणाऱ्या स्त्रियांचा उल्लेखही त्याच प्राचीनतेचा पुरावा आहे. त्या स्त्रियांनी काय गाइले हे आपणास कधीच कळणार नाही. त्यांच्या नवव्या शतकोत्तर वारसदार मात्र येत्या श्रावणात माजलगावात, पाटोद्यात, धारूरच्या डोंगरातल्या वाड्यांवर आपल्या घरी असतील. त्या ज्या क्रमाने गातील त्याच क्रमाने लिहून घेणे, हे मराठीच्या विभागांनी या वर्षापासून सुरू करावयाचे काम आहे.